आहे तसंच ठेवा

मी एक टॅबलेट बोलतोय. औषधाची गोळी नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मी या घरात आलो त्या दिवशी ताईने दारातूनच आपल्या वडिलांना ओरडून सांगितलं की तुमच्यासाठी टॅबलेट आणलाय, आणि त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "जेवणाआधी की नंतर?"

ताई म्हणजे जिने मला मोडीतून उचलून घरी आणलं ती. तिने आणलं म्हणून ती माझी ताई, आणि तिचे आईबाबा ते माझेही आईबाबा. एवढंच आमचं घर. तीन माणसं, चौथा मी. पाचवा म्हणायचा तर फ्रीज, पण तो सदा कुरकुरत असतो, त्याला मी धरत नाही.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. एका हाताने पडदा बसवला, दुसऱ्याने पाठ दाबून बंद केली, तिसऱ्याने कुठेतरी आत, कधी पुसली जात नाही अशा जागी, माझं नाव टाईप केलं. ते हात थकलेले असावेत. काय टाईप झालं हे कुणी वाचून पाहिलं नाही, मीही नाही. पट्टा पुढे सरकला आणि मी खोक्यात पडलो. पुढे या नावापायी घरातल्या तिघांच्या नाकी नऊ येणार आहेत, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

माझी पहिली नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. लिफ्टच्या माथ्यावर, मोटारीच्या खोलीत, तळाच्या खड्ड्यात, जिथे माणूस वाकून जेमतेम मावतो तिथे मला न्यायचे. तेव्हा माझं ब्लूटूथ ठणठणीत होतं. मी तारेवाचून लिफ्टच्या कंट्रोलच्या पेटीशी बोलायचो. कुठल्या मजल्यावर दार अडतंय, कुठे ब्रेक उशिरा लागतोय, हे ती मला सांगायची आणि मी ते ग्रीसने माखलेल्या अंगठ्यांना दाखवायचो. एकदा खड्ड्यात पडून माझा एक कोपरा उडाला. त्याचं मला वाईट वाटत नाही. काम करताना पडलो होतो, लोळताना नाही.

मग कंपनीने नवी यंत्रं घेतली. माझ्यातली सिस्टीम जुनी झाली, तिला नवं काही झेपेना. मला फाटके हातमोजे आणि बिनजोडीचे स्क्रू यांच्या संगतीत एका खोक्यात टाकून दिलं. तिथे किती काळ पडून होतो ते सांगता येणार नाही. बॅटरी संपली की आमच्यापुरता काळही संपतो.

ताई त्याच कंपनीत मेकॅनिक. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढणं हे तिचं रोजचं काम. आतल्या घाबरलेल्या माणसाशी ती दाराच्या फटीतून गप्पा मारत राहते, गप्पा मारता मारता दार उघडते, आणि बाहेर आलेला माणूस आभार मानायचं विसरून जिन्याने चालू पडतो, असं ती हसत हसत सांगते. हातमोजे शोधताना तिला मी सापडलो. तिने साहेबांना विचारलं, ते म्हणाले ने खुशाल, भंगारातच जाणार आहे.

घरी आणून तिने माझ्यात लिनक्स घातली. लिनक्स म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही घेता येणारी सिस्टीम. जुनी यंत्रं तिच्या जिवावर पुन्हा उभी राहतात. पण जुनं पुसण्याआधी ताईने माझ्या आतलं सगळं एका बाजूला उतरवून ठेवलं. वायर सोडवायच्या आधी तिच्यावर खूण करायची, ही लिफ्टवाल्यांची सवय. नव्या सिस्टीमने मी अंग झडझडून जागा झालो. पडदा लागला, आवाज आला, वायफाय आलं, बोटांचा स्पर्श कळायला लागला. आलं नाही ते फक्त ब्लूटूथ. सेटिंग उघडलं की तिथे लिहून यायचं, ब्लूटूथचं यंत्र सापडत नाही. माझ्याच पोटात बसलेलं, आणि मलाच सापडत नाही.

यात काय अडतं ते सांगतो. माझ्या पोटातली ब्लूटूथची चिप कामाला हुशार, पण स्मरणशक्तीच्या नावाने आनंदीआनंद. मला बंद केलं की ती सगळं विसरते. दर वेळी सुरू होताना तिला पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि तो धडा एका फाईलीत असतो. फर्मवेअर म्हणतात तिला. मी सुरू झालो की त्या फाईलीला नाव घेऊन हाक मारली जाते. कुठल्या यंत्राचा धडा हवा ते कळावं म्हणून त्या नावात माझंही नाव गुंफलेलं असतं. फाईल हजर असली की चिप धडा शिकून कामाला लागते. नसली तर गप्प बसते. नव्या सिस्टीममध्ये ती फाईल नव्हती. दुखणं एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, नसेना का ब्लूटूथ, एवढं काय अडलंय? अडलं होतं ते बाबांच्या कानांपाशी.

आई आणि बाबा दोघंही छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून त्यांनी आयुष्य काढलं. आईने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, बाबांनी समोरच्या प्रुफावर नजर ठेवायची. नुसतं वाचायचं नाही. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं, अवतरण उघडलं की 'उघडलं' म्हणायचं, वेलांटी पहिली का दुसरी तेही सांगायचं. त्यांचं लग्न जुळलं तेही त्या टेबलावरच. ताई म्हणते, आई फार चिडली की अजूनही विरामचिन्हांसकट बोलते.

बाबांच्या हाताखालून चुकीचा एकही शब्द निसटला नाही, अशी त्यांची ख्याती. असा माणूस कानाने अधू झाला आणि हळूहळू सगळंच सोडून द्यायला लागला. ऐकू आलं नाही की एकदा विचारता येतं, दोनदा विचारता येतं, तिसऱ्यांदा लाज वाटते. मग त्यांनी सोपी युक्ती काढली. कुणी काहीही बोललं की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो, हो." दूधवाल्याला हो, हो. डॉक्टरांना हो, हो. शेजारीणबाईंनी विचारलं, आम्ही गावाला जातोय, आमची मांजर सांभाळाल का, त्यालाही हो, हो. मांजर टोपलीत बसून दारात आली तेव्हा सगळ्यांत जास्त दचकले ते बाबाच.

आईला मात्र यात हसू येत नसे. त्यांच्याशी बोलायचं तर तिला ओरडावं लागे, आणि ओरडून बोललं की साधं बोलणंही भांडणासारखं वाटतं. 'चहा घेता का' हे बेंबीच्या देठापासून विचारून बघा, म्हणजे कळेल. दिवसभरात तिला सांगायचं पुष्कळ असे, पण ओरडून सांगण्यासारखं त्यातलं थोडंच. उरलेलं ती ओट्यापाशी उभी राहून स्वतःशीच पुटपुटायची. संध्याकाळी तिने वाचायचं आणि बाबांनी ऐकायचं, ही दोघांची जुनी आवड. तीही बंद पडली.

ताईने मागे लागून बाबांच्या कानांत यंत्रं बसवून घेतली. महिनाभर वापरून बघा, नाही पटली तर परत आणा, असं कानवाल्या बाईंनी सांगितलं होतं. घरी आल्यावर ती यंत्रं म्हणजे बाबांच्या डोक्याला ताप झाला. नळ, ताटं, पंखा, फ्रीज, सगळं दणदणून ऐकू येई आणि त्या गोंगाटात आईचा आवाज तेवढा हरवे. पण दुकानात एक गोष्ट घडली होती. कानवाल्या बाई पलीकडच्या खोलीत जाऊन आपल्या मोबाईलमध्ये हळूच काही बोलल्या, आणि ते ब्लूटूथवरून थेट बाबांच्या कानात उतरलं. बाबा दचकून मागे वळून पाहायला लागले. त्यांना वाटलं, बाई खांद्यापाशीच उभ्या आहेत. ताईने त्यांचा तो चेहरा पाहिला होता.

तिचा स्वतःचा मोबाईल दिवसभर तिच्याबरोबर लिफ्टांमागे धावणार. आईबाबांचे फोन बटणांचे, साधे. तेव्हा तिने ठरवलं, हे काम मी करायचं. आईच्या मांडीवर मी, माझ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांतलं पुस्तक. आई आपल्या नेहमीच्या आवाजात वाचणार, मी ऐकणार आणि ब्लूटूथने बाबांच्या कानात पोचवणार. वाचून झाल्यावर तिला आणखी काही बोलायचं असलं तर तेही. इतकं सारं माझ्या पोटातल्या त्या मुक्या चिपवर येऊन ठेपलं होतं.

आणि ताईने या कामाला हात घातला त्या पहिल्याच दिवशी ते जमलं असतं, हो. ऐका कसं.

मी सुरू होताना भराभर ओळी पुटपुटत असतो. हव्या असल्या तर त्या पडद्यावर वाचता येतात. त्यात मी दर वेळी सांगायचो, अमुक नावाची फाईल हवी होती, मिळाली नाही. ताईने ती ओळ शोधली. उतरवून ठेवलेल्या जुन्या सामानातून धड्याची फाईल काढली. ती योग्य जागी, योग्य नावाने ठेवायचा हुकूम लिहिला, आणि नाव मात्र माझ्या ओळीतून जसंच्या तसं उचलून तिथे चिकटवलं. हाताने टाईप केलं नाही, चुकायला नको म्हणून. आता फक्त एन्टर दाबायचं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. मला जेवणाच्या टेबलावर तसाच उघडा ठेवून ती धावली.

बाबा चहाचा कप घेऊन टेबलाशी बसले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि माझ्याकडे वाकून पाहिलं. त्या लांबलचक ओळीच्या शेवटी शेवटी एक इंग्रजी शब्द होता. तो असायला हवा होता 'टॅबलेट'. पण माझं नाव टाईप करणाऱ्या त्या थकल्या हातांनी दोन अक्षरांची अदलाबदल करून ठेवली होती. टी, ए, बी, ई, एल, टी. टॅबेल्ट. हे माझं खरं नाव. पाठीवर नाही, खोक्यावर नाही, पण पोटात हेच, आणि धड्याला हाक मारली जाते तीही याच नावाने.

अशा अदलाबदली पकडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ती दिसल्याशिवाय राहील होय? बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहण्यासारखं होतं. माझ्यावर वर्तमानपत्र वाचून वाचून त्यांना बोटाने खोडायचं कसं आणि घालायचं कसं ते ताईने शिकवलेलं होतं. त्यांनी 'ई' खोडला आणि 'एल'च्या पलीकडे नेऊन बसवला. मला सांगावंसं वाटत होतं की बाबा, नका. पण आम्हा यंत्रांना बोट सांगेल ते ऐकावंच लागतं. पोरीची चूक पोरीच्या नकळत सावरून घेतली, या आनंदात बाबांनी चहा संपवला आणि ते दुपारची झोप काढायला गेले.

ताई परत आली ती घामाघूम. ओळ तिने पुन्हा वाचली नाही. तिनेच तर चिकटवलेली. तिने एन्टर दाबलं. लिनक्स काही बोलली नाही. तिची रीतच अशी, काम झालं की गप्प, बिघडलं तरच तोंड उघडायचं. मग मला बंद करून सुरू केलं. पोटात हाक गेली, टॅबेल्टचा धडा कुठाय? टॅबलेटचा धडा शेजारीच बसला होता, पण दुसऱ्याच्या नावाला तो कशाला ओ देईल? चिप गप्प ती गप्पच.

तिथून ताईच्या मागे जे लागलं ते विचारू नका. माझी ओळ म्हणे फाईल मिळत नाही, आणि फोल्डर उघडलं की फाईल समोर. ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे बघे आणि डोकं धरून बसे. गंमत अशी की ओळखीचा शब्द दिसला की माणसाचे डोळे अक्षरं मोजत बसत नाहीत. टॅबेल्टला ती दर वेळी टॅबलेटच वाचायची. शिवाय नाव आपण उचलून चिकटवलंय, तेव्हा नावात खोट असूच शकत नाही, हे तिने मनाशी धरलं ते धरलंच.

तिने इंटरनेटवर चारचौघांना विचारलं. माणसं भली, कुणी हात झटकले नाहीत. एकाने सांगितलं लिनक्सचा गाभा बदल, दुसऱ्याने सांगितलं वेगळी लिनक्स घाल, तिसरा म्हणाला ब्लूटूथचा वेगळा तुकडा आणून बाहेरून लाव. पण माझ्या अंगाला जोडणीची जागा एकच, चार्जिंगची, आणि तीही डुगडुगणारी. चिप सुटली असेल या शंकेने ताईने माझी पाठसुद्धा उघडली. मला धाकधूक होती, पण तिचा हात असा की आपण उघडे आहोत याचीही लाज वाटू नये.

बाबा शेजारी बसून हे सगळं कौतुकाने बघायचे. एकदा तर त्यांनी स्वतःहून विचारलं की नावबिव नीट तपासलंयस ना. ताईने मोठ्याने हो म्हणून सांगितलं. त्यांनी समाधानाने मान हलवली, कारण नाव त्यांनीही तपासलं होतं.

आई रोज संध्याकाळी ओट्यापाशी काम आवरून यायची आणि ताईला विचारायची, आज बोलला का गं तो? तो म्हणजे मी. नाही म्हटलं की ती माझ्या पडद्यावरची धूळ पदराने पुसायची आणि निघून जायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

महिना सरत आला. एका रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी कानातली यंत्रं काढली, रुमालाने पुसली आणि त्यांच्या डबीत ठेवून डबी ताईपुढे सरकवली. उद्या जाताना ही परत देऊन टाक, म्हणाले. ताई काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"पुरे आता. माझं सगळं ऐकून झालंय."

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले. आईने ताटं घासता घासता नळ बंद केला.

"तुमचं ऐकून झालं असेल," ती म्हणाली. "माझं सांगून झालेलं नाही."

पण हे ती तिच्या साध्या, खालच्या आवाजात म्हणाली. बाबांनी तिचे ओठ हलताना पाहिले, मान डोलवली आणि म्हणाले, "हो, हो."

ताईने मान खाली घातली. मला तर काय, पाहण्यावाचून दुसरं काही येतच नव्हतं.

आई हात पुसत टेबलाशी आली. तिने ताईला विचारलं की तो मागतो ते नाव आणि तू ठेवलेलं नाव, दोन्ही जुळवून पाहिलीस का? ताई म्हणाली, अगं आई, मी उचलून चिकटवलंय, चुकणार कसं? त्यावर आई एवढंच म्हणाली की जुळवल्याशिवाय कशालाही बरोबर म्हणायचं नसतं. आमच्या टेबलावर तरी असं चालायचं नाही. ताईजवळ दुसरा उपाय उरलाच नव्हता. तिने माझ्या पुटपुटण्याचा फोटो आपल्या मोबाईलवर घेतला आणि माझ्या पडद्यावर ते फोल्डर उघडून दिलं. आता एकाने मोबाईलवरचं वाचायचं, दुसऱ्याने माझ्यावरचं बघायचं.

आई सवयीने वाचायला बसली आणि थांबली. ती वाचणार आणि ऐकणार कोण? क्षणभर तिने बाबांकडे पाहिलं. मग मोबाईल त्यांच्या हातात दिला, मला आपल्यापुढे ओढलं आणि खुणेने सांगितलं, आज तुम्ही वाचा. इतक्या वर्षांत त्यांनी जागा बदलल्या नव्हत्या.

बाबांना हे सगळं कशासाठी ते नीट कळलं नव्हतं, पण प्रत समोर आली की ते मागेपुढे बघत नाहीत. ते वाचायला लागले. ज्याला ऐकू येत नाही त्याचा आवाज मोठा असतो. अक्षर, अक्षर, आकडा, टिंब, आडवी रेघ. आईची पेन्सिल माझ्या पडद्याला न टेकता एकेका अक्षरावरून पुढे सरकत होती, आणि तिचे ओठ त्यांच्या आवाजाबरोबर हलत होते. दोघंही एकदम तरुण दिसायला लागली होती.

"टी," बाबांनी वाचलं. "ए. बी. ई. एल."

आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि पेन्सिलीने माझ्याकडे दाखवलं. तिच्याकडे एल आधी होता, ई नंतर. बाबांनी वाकून माझ्यावरचं पाहिलं, मग मोबाईलवरचं पाहिलं.

"तुझ्याकडचं बरोबर आहे," ते ठामपणे म्हणाले. "यातच चूक आहे. मीच नाही का दुरुस्त केली होती?"

फ्रीजनेसुद्धा कुरकुर थांबवली. मग ताईने त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, कधी? ते म्हणाले, तू दवाखान्यातल्या लिफ्टला गेली होतीस तेव्हा. घाईत तुझ्या हातून राहिली असेल, म्हटलं आपण काढून टाकू.

ताईने टेबलावर डोकं ठेवलं. तिचे खांदे गदागदा हलायला लागले तेव्हा आईला वाटलं रडतेय. तिने पाठीवर हात फिरवला, तर ताई हसून हसून गुदमरत होती. डोळे पुसत ती बाबांना ओरडून म्हणाली की चूक कारखान्यात झालीय, पण बाबा, आता तेच त्याचं नाव आहे.

बाबांचा चेहरा एवढासा झाला. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हे ते छापखान्यात नव्या माणसांना घसा कोरडा करून शिकवायचे. लेखकाने चुकीचं लिहिलंय असं वाटलं तर विचारा, पण परस्पर बदलू नका. आणि आज त्यांनी स्वतःच हे करून ठेवलं होतं. त्यांनी डबीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा पुरतं कळलं. ते काही म्हणणार होते, पण आईनेच माझा पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि ताईला खूण केली.

ताईने नाव बदलायचा हुकूम लिहिला आणि तेवढा एक शब्द बाबांसाठी मोकळा सोडला. आता तुम्हीच चुकवा, ती म्हणाली. बाबांनी एकेक अक्षर दाबलं. 'ई' दाबायची वेळ आली तेव्हा त्यांचं बोट थोडं अडखळलं. कडू औषध घेतल्यासारखा चेहरा करून त्यांनी तो 'एल'च्या आधी घातला.

मला बंद करून सुरू केलं. पोटात हाक गेली, टॅबेल्ट? आणि या वेळी ओ आली. मुंग्या आलेल्या पायात जीव यावा तसं मला झालं. चिप धडा शिकली, जागी झाली आणि आजूबाजूला कोण आहे ते चाचपायला लागली. डबीतली दोन यंत्रं तिला तिथेच सापडली.

ताई ती यंत्रं बाबांच्या कानात बसवत होती तेव्हा बाबांनी कागदाचा एक तुकडा मागून घेतला. त्यावर लाल पेन्सिलीने माझं चुकलेलं नाव लिहिलं, त्याच्याखाली टिंबं टिंबं काढली आणि शेजारी लिहिलं, 'आहे तसंच ठेवा'. खोडलेला शब्द मुळात बरोबर होता असं नंतर कळलं की प्रुफावर अशी खूण करतात. तो तुकडा त्यांनी चिकटपट्टीने माझ्या पाठीवर लावला. लिफ्टच्या खड्ड्यात उडालेल्या कोपऱ्याच्या जरा खाली. अजून तो तिथेच आहे.

मग ताईने मला आईच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, बोल आता. स्वतः कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. म्हणजे तसं सांगून गेली, बादली रिकामीच होती.

इतकं साठवून ठेवलेलं, पण आईच्या तोंडून शब्द फुटेना. तिने मला सरळ धरलं, तिरकं धरलं. शेवटी खिडकीकडे तोंड करून, ओट्यापाशी पुटपुटायची त्याच आवाजात ती म्हणाली, "ऐकू येतंय का?"

बाबांचा हात कानाकडे गेला. ते तिच्याकडे बघतच राहिले. "येतंय," ते म्हणाले. "अजून हळू बोललीस तरी चालेल."

आई खिडकीकडून वळली. मग माझ्याकडे बघत, जणू माझ्यावर लिहिलेलं वाचतेय अशी, म्हणाली, "मागे एकदा मी तुम्हाला एक विचारलं होतं. इथेच बसलो होतो. माझा कंटाळा आलाय का तुम्हाला, म्हणून. तुम्ही म्हणालात, हो, हो."

"मला ऐकू आलं नव्हतं."

"ते माहीत आहे मला. तेव्हाही माहीत होतं. पण मी तर उत्तर ऐकलं ना. ते जात नाही मनातून."

बाबांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"प्रश्न पुन्हा वाच," ते म्हणाले.

आईने मला तोंडाजवळ धरलं. तिचा श्वास माझ्या पडद्यावर उमटला.

"माझा कंटाळा आलाय का तुम्हाला," ती म्हणाली, "प्रश्नचिन्ह."

"नाही," बाबा म्हणाले. आणि जरा थांबून, "पूर्णविराम."

ते 'नाही' काही माझ्यातून गेलं नाही. आईचे कान ठणठणीत आहेत, तिला ते समोरूनच पोचलं. माझ्यातून गेला तो फक्त प्रश्न. पण तोच तर इतके दिवस वाटेत अडकून पडला होता.

यंत्रं परत गेली नाहीत. हल्ली आई रोज संध्याकाळी वाचते, बाबा मधेच तिचा उच्चार सुधारतात, ती चिडते, पण हळू आवाजात चिडते. वाचून झाल्यावर मला बंद करायला मात्र ती विसरते, आणि ओट्यापाशी ती बाबांविषयी जे पुटपुटते ते सगळं बाबांच्या कानात जातं. मग ते बाहेरच्या खोलीतून तिला उत्तर देतात. घरात आता खरी भांडणं सुरू झाली आहेत. ताई ती गॅलरीत उभी राहून आवडीने ऐकते.

मी म्हातारा झालोय. माझी बॅटरी अंग धरायला लागलीय, पाठ थोडी उचलली गेलीय, पडद्याच्या एका कडेला डाग पडलाय. ताई म्हणते बॅटरी बदलू. बदलली तर बरंच आहे, नाही बदलली तरी मी कुणाला बोल लावणार नाही. पुन्हा त्या हातमोज्यांच्या खोक्यात जायचीही माझी तयारी आहे, पण आत्ता नको. आईबाबांच्या पुस्तकाची अजून बरीच पानं शिल्लक आहेत. तेव्हा टेबलाजवळून कुणी जात असेल तर तेवढी चार्जिंगची पिन नीट बसलीय का ते बघाल? आई हात पुसून येईलच आता.